जुन्या इंग्रजी मोटारींचे मोल

जुन्या वस्तूची किंमत तिच्या वयाबरोबर आपोआप चढत जाते, असा जो एक सार्वत्रिक समज आहे, त्याचा फोलपणा पाहावयाचा असेल तर इंग्लंडातील जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या बाजाराकडे नजर टाकावी. १९६३ ते १९६५ या अवधीत बांधलेली अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ तेथे काही लाख पौंडांना जाते आणि तिचीच समकालीन एमजीबी त्या रकमेच्या अल्पांशात मिळते. डीबी५ जेमतेम हजारावर निघाल्या, एमजीबी १९८० पर्यंत पाच लाखांहून अधिक. शिवाय १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ चित्रपटाने डीबी५ला जी कीर्ती दिली, तिचाही वाटा या तफावतीत आहेच.

परंतु दुर्मीळपणा आणि कीर्ती यांवर सारा हिशेब मिटत नाही. १९६१ साली जिनिव्हा येथे प्रथम प्रकट झालेल्या जॅग्वार ई-टाइपच्या सुमारे ७२,००० गाड्या निघाल्या, तरीही तिची मागणी ओसरलेली नाही. तिच्या अगदी आरंभीच्या गाड्यांचे बॉनेट बाहेरून, वेगळ्या किल्लीने उघडावे लागे, आणि तळ सपाट असल्यामुळे उंच चालकाचे पाय अवघडत. कारखान्याने हे दोन्ही दोष लवकरच दूर केले, आणि आज नेमक्या याच दोषांसाठी संग्राहक जादा दाम मोजतात. उलट मागे मुलांना बसता यावे म्हणून १९६६ मध्ये जिची लांबी व छताची उंची वाढविली, ती अधिक सोयीची ई-टाइप स्वस्तात जाते. एमजीबीचीही तीच गत: अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांपायी १९७४ च्या अखेरीस तिला काळे रबरी बंपर आले व ती जमिनीपासून उंच झाली, तेव्हापासूनच्या गाड्या आधीच्या क्रोम बंपरवालींपेक्षा सामान्यतः कमी भावाने विकल्या जातात.

यानंतर प्रश्न येतो अस्सलपणाचा. शेतजमीन घेताना जसे आपण आधी सातबारा आणि फेरफार तपासतो, तसा जाणता गिऱ्हाईक येथे प्रथम दप्तर मागतो. ई-टाइपच्या बॉनेटखालील पट्टीवर चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे क्रमांक असतात. ते प्रत्यक्ष भागांवरील क्रमांकांशी आणि जॅग्वार-डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या दाखल्यातील नोंदींशी जुळले, तर गाडी मूळ भागांची आहे याची बरीच खातरजमा होते. त्याच दाखल्यात मूळ रंगही नमूद असतो. या मुळाबरोबर पराक्रमाची जोड मिळाली की किमतीला सीमा राहत नाही: १९५६ ची ल माँ शर्यत जिंकणारी जॅग्वार डी-टाइप, मूळ चासी, इंजिन व बॉडीसह, २०१६ साली अमेरिकेतील लिलावात दोन कोटी डॉलरांहून अधिक रकमेला गेली.

दप्तर चोख असले तरी पत्रा दगा देऊ शकतो. विलायतेच्या ओल्या हवेने आणि हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाने दाराखालच्या पोकळ पट्ट्या आतून गंजतात, बाहेरून मात्र लांबी भरून, रंग चढवून सारे कसे नवेकोरे दिसते. अशा ठिकाणी मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक लावले, की लांबीच्या जाड थरावर ते धड चिकटत नाही आणि लबाडी उघडी पडते. शिवाय वेल्डिंग आणि रंगकाम यांची मजुरी गाडीचा भाव पाहून ठरत नाही, तासांवर ठरते. म्हणूनच डीबी५चा संपूर्ण जीर्णोद्धार परवडू शकतो, परंतु मोडकळीस आलेली एमजीबी दुरुस्त करणाऱ्याचा खर्च विक्रीतून क्वचितच वसूल होतो. हौसेला मोल नसते हे खरे. पण पुढेमागे विकण्याचा मनसुबा असेल, तर दुसऱ्याने पैसे ओतून नीट केलेली गाडी घ्यावी, आणि घेताना आधी कागद, मग पत्रा व सर्वांत शेवटी रंग पाहावा.