जुम्याची नमाज आणि विश्वचषक

घरातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांसमोर एकदा हॉकीचा विषय काढून पहा. गुडघेदुखी, औषधाच्या गोळ्या, वीजबिल सगळे बाजूला राहते आणि नावांची माळ सुरू होते. अजितपाल, अशोककुमार, गोविंदा, सुरजित, अस्लम शेर खान. मग कुणीतरी रेडिओवरच्या जसदेव सिंग यांच्या समालोचनाची नक्कल करतो. "तेव्हा टीव्ही कुठे होता? कानानेच पाहिला आम्ही सामना!" असे सांगताना चाचांचा आवाज चढतो. आतून चाची म्हणतात, "झाली सुरू यांची क्वालालंपूरची वारी."

ही वारी १९७५ च्या मार्च महिन्यातली. मलेशियाची राजधानी क्वालालंपूर इथे तिसरा हॉकी विश्वचषक होता. १९७१ साली भारत तिसरा आला होता. १९७३ साली अंतिम फेरीत नेदरलँड्सने पेनल्टी स्ट्रोकवर हरवले होते. आता उपांत्य सामना यजमान मलेशियाशी होता आणि मैदान त्यांच्या पाठीराख्यांनी भरलेले होते. खेळ संपायला थोडीच मिनिटे उरली होती आणि भारत १-२ ने मागे होता.

अशा वेळी संघाचे व्यवस्थापक बलबीर सिंग यांनी मायकेल किंडो यांना बाहेर बोलावले आणि अस्लमला आत पाठवले. तोवर हा भोपाळचा तरुण राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून होता. पेनल्टी कॉर्नर मिळाला. अस्लमने गळ्यातल्या तावीजाचे चुंबन घेतले आणि फटका मारला. चेंडू गोलमध्ये! जादा वेळेत हरचरण सिंग यांनी तिसरा गोल केला आणि भारत अंतिम फेरीत गेला.

तावीजाबद्दल आपल्यात मतभेद आहेत. तो वाद इथे नको. पण चाहत्यांच्या गप्पा बहुधा त्या फटक्यावरच थांबतात, आणि खरी सांगण्यासारखी गोष्ट त्याच्या पुढे आहे.

अंतिम सामना शनिवारी, १५ मार्चला होता आणि समोर पाकिस्तान होता. आदला दिवस जुम्याचा. अस्लमला नमाजसाठी मशिदीत जायचे होते. इतक्या मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी एखादा व्यवस्थापक म्हणाला असता, "आज नको, विश्रांती घे." दुसऱ्या एखाद्याने परवानगी दिली असती, पण समोर पाकिस्तान म्हणून मनात कुठेतरी शंकाही ठेवली असती. बलबीर सिंग स्वतः त्याच्याबरोबर मशिदीत गेले. पगडीधारी शीख व्यवस्थापक आपल्या मुस्लिम खेळाडूला नमाजला घेऊन जातो आहे! अस्लमला काही सिद्ध करून दाखवावे लागले नाही. सामन्याच्या आधीच त्याच्यावर विश्वास टाकलेला होता.

दुसऱ्या दिवशी पहिला गोल पाकिस्तानने केला. उत्तरार्धात सुरजित सिंग यांनी पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. मग अशोककुमार यांचा फटका गोलपोस्टला आतून लागून बाहेर आला. पाकिस्तानने हरकत घेतली, पण पंचांनी गोल दिला. भारत २-१ ने जिंकला.

हे अशोककुमार म्हणजे ध्यानचंद यांचे चिरंजीव. अस्लमचे वडील अहमद शेर खान हे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद यांच्याच संघातून खेळले होते. बापांनी एकत्र सुवर्णपदक आणले, मुलांनी एकत्र विश्वचषक आणला. त्या संघात शीख होते, कोडगूचे गोविंदा आणि कलैया होते, लेस्ली फर्नांडिस आणि फिलिप्स होते, आदिवासी समाजातले किंडो होते आणि शिवाजी पवारही होते.

अशी निरनिराळ्या घरांतली मुले एकजीव कशी झाली? त्यासाठी बलबीर सिंग यांच्याकडे पाहावे लागते. स्वतः तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारताच्या सहा गोलांपैकी पाच त्यांचे. विश्वचषकाचे शिबिर चंदीगडला होते. ते चालू असतानाच त्यांचे वडील वारले. अंत्यसंस्कार उरकून ते परत मैदानावर आले. त्याच काळात पत्नीलाही मेंदूतील रक्तस्रावाने गाठले. तरी प्रशिक्षक गुरचरण सिंग बोधी आणि डॉक्टर राजेंद्र कालरा यांच्या साथीने त्यांनी शिबिर पार पाडले. ज्याने एवढे सोसले, त्याचा शब्द पोरे खाली पडू देत नाहीत.

व्यवस्थापन नेहमीच असे मिळत नाही. १ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारत पाकिस्तानकडून १-७ असा हरला. कर्णधार होते अलिगढचे जफर इक्बाल, मॉस्कोच्या सुवर्णपदक विजेत्या संघातले. पण लोकांचा सगळा राग कोसळला गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्यावर. पैसे खाल्ले, देश विकला, असे आरोप त्यांच्यावर झाले. नेगी मुस्लिम नव्हते. पुढे २००७ साली आलेल्या 'चक दे! इंडिया' या चित्रपटातला कबीर खान मात्र मुस्लिम दाखवला गेला. ते पाहताना आपल्यापैकी अनेकांना ती आपलीच कहाणी वाटली, आणि तसे वाटण्याला कारणेही आहेत. तरी नेगींची हकीकत आठवावी. संशयाची सवय एकदा लागली की तो कुणाचेही दार ठोठावतो.

नेगी परतले ते १९९८ साली, गोलरक्षकांचे प्रशिक्षक म्हणून. त्या वर्षी बँकॉकला भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्णपदक जिंकले. कर्णधार होता आपल्या पुण्याच्या खडकीचा धनराज पिल्ले. संघात मोहम्मद रियाझ आणि भोपाळचा समीर दाद होते. मुख्य प्रशिक्षक कौशिक. पण खेळाडूंनी आपल्या भत्त्याचा प्रश्न काढला आणि सुवर्णपदकाचा आनंद ओसरण्याआधीच धनराजसह अनेक जण संघाबाहेर झाले. कौशिकही गेले. जुने चाहते आजही त्याबद्दल कळवळून बोलतात.

बलबीर सिंग २५ मे २०२० रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी वारले. १९७५ नंतर पुरुष हॉकीचा विश्वचषक भारतात आलेला नाही.

आपणही आपापल्या जागी छोटे-मोठे व्यवस्थापक असतो. कुणी शाळेत शिक्षक, कुणी दुकानाचा मालक, कुणी मोहल्ल्यातल्या क्रिकेट क्लबचा चालक. आपल्या हाताखालच्या मुलाची पूजा, प्रार्थना, उपवास आपल्याहून वेगळा असेल. त्याला सुट्टी देणे ही झाली परवानगी. त्याच्यासोबत दारापर्यंत चालत जाणे हे बलबीर सिंगांचे काम.

तेव्हा पुढच्या वेळी चाचा अस्लमच्या फटक्याची गोष्ट सांगू लागले, तर त्यांना मध्येच थांबवू नका. फक्त शेवटी विचारा, "आणि चाचा, जुम्याला त्याच्याबरोबर मशिदीत कोण गेले होते?" मुले आसपास असताना विचारा.