विश्लेषण : मनी प्लांट वरून बोडका आणि खाली हिरवा का? घरात त्याला प्रकाश किती हवा?

चोरून आणलेला मनी प्लांट चांगला वाढतो, अशी गमतीशीर समजूत घराघरांत आहे. आणला कसाही असला, तरी वर्षभराने अनेक घरांत त्याची अवस्था सारखीच दिसते. छताजवळच्या कुंडीतून दोन-तीन लांब, काटकुळ्या वेली लोंबत असतात. टोकाला पाच-सहा छोटी पाने आणि कुंडीत मात्र जवळपास काहीच नाही. मग खत घातले जाते, पाणी वाढवले जाते आणि उरलेली पानेही पिवळी पडू लागतात. यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ कुंडी कुठे टांगली आहे, यात असते.

ही वेल मूळची कुठली?

मनी प्लांटचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. अळू आणि सुरण ज्या कुळातले, त्याच कुळातली ही वेल. तिचे मूळ घर पॅसिफिक महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियामधले मोरेआ बेट. तिथून ती उष्ण प्रदेशांत सर्वत्र पसरली. ही वेल जमिनीवरून सरपटत झाडाचा बुंधा गाठते आणि हवेतील मुळांनी तो धरून वर चढते. वर जावे तसा प्रकाश वाढतो आणि पानेही मोठी होत जातात. जुन्या बंगल्यांच्या आवारात नारळावर किंवा आंब्यावर चढलेली, सुपाएवढ्या चिरलेल्या पानांची वेल अनेकांनी पाहिली असेल. ती वेगळी जात नव्हे, हाच मनी प्लांट. घरात त्याला वर चढवण्याऐवजी खाली सोडले जाते आणि प्रकाशही कमी मिळतो. त्यामुळे पाने लहानच राहतात.

‘सावलीतले झाड’ हे वर्णन इथेच फसवते. जंगलातली सावली म्हणजे पानांतून गाळून आलेले ऊन. खोलीचा कोपरा त्यापेक्षा कितीतरी अंधारा असतो.

खोलीत उजेड दिसतो, मग तो कमी कसा?

कारण माणसाचा डोळा उजेडाशी झटपट जुळवून घेतो. प्रकाश लक्स या एककात मोजतात. भर दुपारी गच्चीवर सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. बाहेरच्या उजळ सावलीत तो १० ते २० हजारांवर येतो. दिवाणखान्यात खिडकीपासून दूरच्या भिंतीजवळ तो अनेकदा १०० ते ३०० लक्सच भरतो. वर्तमानपत्र वाचायला तेवढा पुरतो, पण पानांना अन्न तयार करायला तो फार तोकडा असतो. मनी प्लांट ५०० लक्सच्या आसपास तग धरतो. मात्र भरगच्च वाढीसाठी दिवसातले बरेच तास काही हजार लक्स प्रकाश लागतो.

खिडकीपासून दूर जाल तसा प्रकाश झपाट्याने घटतो. त्यात जाळी, पडदा, ग्रीलमध्ये ठेवलेले सामान आणि समोरची इमारत यांची भर पडते.

वेल वरूनच बोडकी का होते?

टांगती कुंडी बहुधा छताच्या हुकाला, म्हणजे खिडकीच्या वरच्या कडेपेक्षाही उंच लावली जाते. आकाशाचा प्रकाश खिडकीतून तिरका खाली, फरशीकडे येतो. त्यामुळे कुंडीचा माथा सावलीत राहतो आणि खाली लोंबणारी टोके उजेडात येतात. माथ्याजवळची पाने जुनी होऊन गळतात. तिथल्या पेरांवरचे डोळे अंधारात फुटत नाहीत. उजेडातली टोके मात्र वाढत राहतात.

प्रकाशाच्या शोधात वेल ताणली जाते, तेव्हा दोन पानांमधले अंतर वाढते आणि नवे पान आधीच्या पानापेक्षा लहान येते. ही दोन लक्षणे दिसली की जागा बदलण्याची वेळ आली, असे समजावे.

उपाय सोपा आहे. दोरी लांब करून कुंडीतली माती खिडकीच्या काचेच्या पातळीत येईल इतकी कुंडी खाली आणावी. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवावी. एक काळजी मात्र घ्यावी. या वेलीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. खाजऱ्या अळूने घसा खवखवतो, तो याच स्फटिकांमुळे. त्यामुळे खाली आणलेली वेल लहान मुलांच्या आणि मांजरांच्या तोंडी लागणार नाही, हे पाहावे.

कमी प्रकाशात पाणी घातक का ठरते?

झाड पाणी ओढते, ते मुख्यतः पानांतून वाफ होऊन जाते म्हणून. प्रकाश कमी असला की पानांवरची रंध्रे कमी उघडतात, वाढ मंदावते आणि कुंडीतले पाणी संपत नाही. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून माती ओली असूनही पाने मलूल दिसतात. घरातले कुणीतरी ते पाहून आणखी पाणी घालते. अंधाऱ्या कोपऱ्यातले बरेच मनी प्लांट असेच दगावतात.

म्हणून ‘आठवड्यातून दोनदा पाणी’ असा सरसकट नियम चालत नाही. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. एकाच घरात खिडकीतल्या कुंडीला चार दिवसांनी आणि आतल्या कुंडीला बारा दिवसांनी पाणी लागू शकते. पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाश घटतो आणि हवाही दमट असते. तेव्हा हे अंतर आणखी वाढवावे.

कोणती खिडकी चांगली?

सर्वात सोयीची पूर्वेची. सकाळचे दोन-तीन तासांचे कोवळे ऊन मनी प्लांटला मानवते आणि उरलेला दिवस उजळ सावली मिळते. पश्चिमेच्या खिडकीत मार्च ते मे या काळात दुपारचे ऊन पाने भाजते. पानांवर कोरडे, तपकिरी चट्टे पडतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. तिथे पातळ पांढरा पडदा लावावा किंवा कुंडी दोन-तीन फूट आत घ्यावी.

दक्षिणेच्या खिडकीबाबत परदेशी व्हिडीओंमधला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. मुंबईत मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तोच ‘शून्य सावली दिवस’. या दोन तारखांच्या दरम्यान दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा थेट ऊन येत नाही. उलट हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि त्याच खिडकीतून ऊन खोलीत लांबवर पोहोचते. म्हणजे कुंडीची जागा वर्षातून दोन-तीनदा तपासायला हवी.

फोनने प्रकाश मोजता येतो का?

ढोबळ अंदाज घेता येतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये पडद्याचा उजेड कमी-जास्त करण्यासाठी समोरच्या कॅमेऱ्याजवळ प्रकाशाचा सेन्सर असतो. लक्स मोजणारी मोफत अ‍ॅप त्याचाच वापर करतात. फोनचा पडदा खिडकीकडे करून तो कुंडीच्या माथ्याजवळ धरावा. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी आकडा पाहावा. आकडा अचूक नसला तरी घरातल्या दोन जागांची तुलना नक्की करता येते.

अ‍ॅप नको असेल तर पांढरा कागद पुरे. दुपारी कुंडीच्या जागी कागद ठेवून त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरावा. सावली ठळक, रेखीव पडली तर प्रकाश भरपूर आहे. कडा पुसट पण बोटे ओळखू येतात, तर मध्यम. सावलीच पडत नसेल, तर ती जागा मनी प्लांटची नव्हे.

पांढऱ्या-पिवळ्या पानांच्या जातींचे काय?

पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते. तो भाग अन्न तयार करू शकत नाही. म्हणून ‘मार्बल क्वीन’, ‘एन्जॉय’ यांसारख्या जातींना साध्या जातीपेक्षा जास्त प्रकाश लागतो. अंधारात त्यांची नवी पाने बरेचदा अधिक हिरवी येतात. खूप अंधाऱ्या जागेसाठी साधी हिरवी जात निवडलेली बरी.

बोडकी वेल पुन्हा भरते का?

पान गळलेल्या पेरावर सहसा पुन्हा पान येत नाही, पण कुंडी भरता येते. लोंबणाऱ्या वेली कुंडीपासून तीन-चार पेरे ठेवून छाटाव्यात. छाटलेल्या भागाचे एक-दोन पाने असलेले तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याला निदान एक पेर हवे, कारण मुळे तिथूनच फुटतात. हे तुकडे त्याच कुंडीत पेर मातीत जाईल असे खोचावेत. जागा उजेडाची असेल तर मातीतल्या जुन्या पेरांवरूनही नवे फुटवे येतात.

अंधारातली कुंडी एकदम उन्हात नेऊ नये. दहा-पंधरा दिवसांत टप्प्याटप्प्याने खिडकीजवळ आणावी. खिडकीच नसेल तर ९-१० वॅटचा पांढरा एलईडी दिवा कुंडीच्या माथ्यापासून फूटभर अंतरावर, रोज सुमारे १२ तास लावावा. छतावरच्या ट्यूबलाइटचा उजेड कुंडीपर्यंत पोहोचेतो फार कमी होतो. जागा बदलल्यावर जुन्या पानांकडे पाहून निष्कर्ष काढू नये. नवे पान आधीच्या पानापेक्षा मोठे आले, की कुंडीला जागा मानवली.