सुट्या भागांतून जुन्या घडणीची बास गिटार: मोजमाप, ताण आणि खर्च

हॉस्टेलच्या बँडसाठी बास गिटार हवी, पण नवी घेण्याइतके पैसे नाहीत, ही अडचण दरवर्षी कोणीतरी घेऊन येते. सुटे भाग जमवून १९५०-६० च्या दशकातल्या घडणीची बास बनवता येते. पण आधी फूटपट्टी हातात घ्यावी लागते. हे टिपण वाचून तुम्हाला तीन गोष्टी जमायला हव्यात: कोणते भाग एकमेकांना बसतील हे ठरवणे, ब्रिजची जागा काढणे आणि पैसे कुठे घालायचे ते ओळखणे.

१. भाग बदलता का येतात?

दिल्लीत कोपर्निकस मार्ग म्हटले की मराठी माणसाला जुने महाराष्ट्र सदन आठवते. त्याच रस्त्याने मंडी हाऊसच्या चौकापर्यंत चालत गेलात की रवींद्र भवन लागते. तिथे संगीत नाटक अकादमी आहे आणि अकादमीकडे देशभरातल्या वाद्यांचा संग्रह आहे. अशा संग्रहात तंबोऱ्यासमोर उभे राहिलात तर स्वतःला एक प्रश्न विचारा: याचा भोपळा फुटला, तर शेजारच्या तंबोऱ्याचा काढून याला बसेल का?

बहुधा नाही. भोपळा शेतात वाढतो आणि प्रत्येकाचा घेर वेगळा असतो. मिरजेचा कारागीर आधी भोपळा निवडतो, मग त्याच्या घेराला जुळेल असे बाकीचे लाकूड घडवतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या हातच्या कामासाठीच.

बास गिटारची गोष्ट उलट आहे. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणली. तिची नेक, म्हणजे मान, बॉडीला सरस लावून चिकटवलेली नव्हती. चार स्क्रूंनी बसवलेली होती. नेक खराब झाली तर काढा, दुसरी लावा. मापे ठरलेली असल्यामुळेच हे शक्य झाले. आज वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेले भाग एकत्र येतात तेही त्याच मापांमुळे. मात्र मापाकडे दुर्लक्ष केले, तर उत्तम भागही निरुपयोगी ठरतात.

२. स्केल लांबी आणि पडद्यांचे गणित

तार जिथून सुटते ती नेकच्या टोकाची खाचांची पट्टी म्हणजे नट, आणि दुसऱ्या बाजूची घोडी म्हणजे ब्रिज. या दोहोंमधल्या तारेच्या मूळ लांबीला स्केल लांबी म्हणतात. प्रिसिजन बासची स्केल लांबी ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिमी. लहान स्केलच्या बास साधारण ३० इंचांच्या, म्हणजे ७६२ मिमीच्या असतात.

सप्तकाचे १२ समान भाग केले की नटपासून 'न' क्रमांकाच्या पडद्याचे अंतर असे मिळते:

अंतर = ल × [१ − १ ÷ २^(न/१२)]

इथे 'ल' म्हणजे स्केल लांबी. ८६३.६ मिमीसाठी:
पडदा १: ४८.५ मिमी
पडदा ५: २१६.६ मिमी
पडदा १२: ४३१.८ मिमी (बरोबर निम्मे)
पडदा २०: ५९१.६ मिमी

यातून खरेदीचा पहिला नियम निघतो. सुटी नेक हातात आली की नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. विक्रेता काहीही म्हणो, स्केल लांबी तीच.

सोडवलेले उदाहरण: आमच्या कार्यशाळेत एका गटाने मेसच्या पैशांतून वाचवून ३० इंची नेक आणि ३४ इंची नेकसाठी ब्रिजची भोके पाडलेली बॉडी घेतली. नेक खाचेत घट्ट बसली, म्हणून सगळे खूश होते. दोन्ही नेकना २० पडदे आहेत आणि विसावा पडदा बॉडीवर त्याच जागी येतो असे धरू.

३४ इंची नेकला विसाव्या पडद्यापासून ब्रिज २७२ मिमीवर हवा. ३० इंची नेकला तो २४० मिमीवर हवा. म्हणजे ब्रिज ३२ मिमी मागे राहिला. मोकळी तार ७९४ मिमी झाली आणि बाराव्या पडद्यापासून ब्रिजपर्यंत ४१३ मिमी. गुणोत्तर ७९४ ÷ ४१३ = १.९२३ आले, हवे होते २. एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले, तर हा स्वर सुमारे ६८ सेंट उतरलेला आहे. कान बंद करूनही वाजवता येणार नाही इतका बेसूर!

ब्रिजवरचे सॅडल थोडेसेच सरकतात. ३२ मिमीची चूक त्यांना भरून काढता येत नाही. शेवटी जुन्या भोकांत लाकडी खुंट्या सरस लावून ठोकल्या आणि ब्रिज ३२ मिमी पुढे घेतला. वाद्य वाचले, पण दोन आठवडे गेले. एका मोजमापाने ते टळले असते.

३. तारेचा ताण

त = म × (२ × ल × व)²

'म' म्हणजे एक मीटर तारेचे वस्तुमान, 'व' म्हणजे वारंवारता. सर्वांत जाड तार ४१.२ हर्ट्झला लावतात. तिचे वस्तुमान मीटरला साधारण ३५ ग्रॅम धरा. मग त = ०.०३५ × (२ × ०.८६३६ × ४१.२)² ≈ १७७ न्यूटन, म्हणजे सुमारे १८ किलो वजनाइतका ओढा. चारही तारांचा मिळून ७० ते ८० किलो होतो. हा ओढा नेक रात्रंदिवस सोसते. म्हणून नेकमध्ये लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड असतो. जुनी नेक घेताना त्याचा नट दोन्ही बाजूंना फिरतो का ते आधी पाहा. नेक पिळलेली असेल तर ती फुकटही घेऊ नका.

४. विद्युत भाग

प्रिसिजन बासला १९५७ पासून दोन तुकड्यांचा पिकअप आहे. दोन्ही तुकड्यांच्या वेटोळ्यांची दिशा आणि चुंबकांचे ध्रुव उलट असतात. त्यामुळे तारेचे संकेत जोडले जातात आणि घरातल्या ५० हर्ट्झ विजेची गुणगुण वजा होते. वेटोळ्याची तार केसाइतकी बारीक असते, म्हणून जुना पिकअप मल्टिमीटरने तपासा. साधारण १० ते १२ किलोओहम दाखवले तर ठीक. काहीच दाखवले नाही तर तार तुटलेली आहे. याशिवाय २५० किलोओहमचे दोन पॉट, ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि एक जॅक लागतो. ब्रिजला अर्थची तार जोडायला विसरू नका.

५. पैसे कुठे घालायचे?

खिशात १०० रुपये आहेत असे धरले, तर माझी वाटणी अशी: नेक ४०, पिकअप व विद्युत भाग २०, ब्रिज व खुंट्या २०, बॉडी १०, तारा १०. पडदे नेकवर असतात आणि त्यांची चूक घरी सुधारत नाही, म्हणून सर्वाधिक पैसे तिथे.

बॉडीवर वाचवा. ती सुमारे ४५ मिमी जाडीची फळी आहे. दिल्लीत असाल तर कीर्तीनगरच्या लाकूडबाजारात उरलेले तुकडे शोधा. शिसव टाळा, खांदा दुखेल. तूनचे लाकूड त्याहून बरेच हलके असते. पॉट, कपॅसिटर, जॅक लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये मिळतात. पुण्या-मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही जुन्या गल्लीत. परदेशातून भाग मागवताना सीमाशुल्क आणि टपालखर्च आधी हिशोबात धरा.

६. जुळणीचा क्रम

१) नेक खाचेत बसवून स्क्रूंनी पक्की करा. खाचेत कागद सरकेल एवढीच फट चालते.
२) नटच्या दोन कडेच्या खाचांतून ब्रिजपर्यंत दोरा ताणा. दोन्ही दोरे नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर आले की ब्रिजची मधली रेषा मिळाली.
३) सर्वांत बारीक तारेचा सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे घेऊन तो ८६३.६ मिमीवर ठेवा. तार दाबली की ताण वाढून स्वर थोडा चढतो. तो उतरवण्यासाठी सॅडल मागे न्यावा लागतो, म्हणून मागे जागा हवी.
४) आता भोके पाडा. त्याआधी नाही.
५) तारा चढवून सुरात लावा. पहिला आणि शेवटचा पडदा दाबल्यावर मधे सुमारे ०.३ मिमी फट राहील इतका ट्रस रॉड फिरवा, एका वेळी पाव फेराच.
६) बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक आणि दाबलेला स्वर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे.

७. शेवटची सूचना

अशी बास जुन्या घडणीची असते, जुनी नसते. नेकच्या डोक्यावर नामांकित कंपनीचे स्टिकर लावून ती 'विंटेज' म्हणून विकणे ही फसवणूक आहे. तिथे तुमचे नाव आणि वर्ष लिहा. मोजून, घासून, चुका सुधारून बनवलेल्या वाद्यावर ते नाव शोभून दिसते.

स्वाध्याय

१) नट ते बारावा पडदा ४०६.४ मिमी आहे. स्केल लांबी किती इंच? सातवा पडदा नटपासून किती मिमीवर येईल?
२) ३४ इंची बासचा ब्रिज ५ मिमी मागे बसला. बाराव्या पडद्याचा स्वर किती सेंट उतरेल? सॅडलने तो सुधारेल का?
३) विभाग ३ मधलीच तार ३० इंची नेकवर त्याच स्वराला लावली, तर ताण किती होईल? ती हाताला सैल का लागते ते सांगा.