मध्ययुगाचं मन (लेखांक ६) : ढगांतली गलबतं
मध्ययुग म्हटलं की चेटकीण ठरवलेल्या बाईला खांबाला बांधून जिवंत जाळण्याचं दृश्य डोळ्यांसमोर येतं. दृश्य खरं आहे, काळ मात्र चुकतो. युरोपात चेटकाच्या खटल्यांचा सर्वांत मोठा भडका उडाला तो साधारण १५६० ते १६३० या वर्षांत, म्हणजे छापखाने आणि विद्यापीठं ठिकठिकाणी पोचल्यावर. त्याआधीची कित्येक शतकं चर्चचं म्हणणं जवळपास उलट होतं.

नवव्या शतकाच्या सुरुवातीचं ल्योन घ्या. आज हे शहर फ्रान्समध्ये आहे, तेव्हा शार्लमेनच्या घराण्याच्या साम्राज्यात होतं. ८१६ साली आगोबार्ड तिथला आर्चबिशप झाला. गारपीट आणि गडगडाट यांवर त्याने एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की या मुलखात उच्च-नीच, शहरी-खेडवळ, म्हातारे-तरुण सगळ्यांचा एकच समज आहे : काही माणसं मंत्राने वादळ उठवतात. ‘मागोनिया’ नावाच्या देशातून ढगांवरून गलबतं येतात. गारांनी झोडपलेलं धान्य त्यांतले खलाशी भरून नेतात आणि वादळ उठवणाऱ्याला त्याचा मोबदला देतात.

वादळापासून पीक राखून देतो म्हणणारेही होतेच. शेतकरी त्यांना दरवर्षी पिकातला ठरलेला वाटा देत. चर्चचा दशमांश द्यायला, गरिबाला दान द्यायला हात आखडतो आणि हा वाटा मात्र न मागता पोचतो, याचा आगोबार्डला संताप येई. उभं पीक गारांनी घटकाभरात आडवं झालेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्या शेतकऱ्यांची भीती वेगळी समजावून सांगायला नको.

एकदा लोकांनी चौघांना बेड्या घालून त्याच्यापुढे आणलं, तीन पुरुष आणि एक बाई. हे ढगांतल्या गलबतांतून खाली पडलेत, यांना दगडांनी ठेचून मारायचं, असं जमाव म्हणत होता. आगोबार्डने बराच वाद घातला आणि अखेर आणणारेच खजील झाले. वादळ उठवताना पाहिलेला साक्षीदार तो शोधत राहिला. एक जण छातीठोकपणे पुढे आला. स्थळ, काळ, माणूस, सगळं सांगू लागला. खोदून विचारल्यावर कबूल झाला, की आपण स्वतः तिथे नव्हतो.

आगोबार्डला आधुनिक विज्ञानवादी समजू नये. गारा फक्त ईश्वर पाडतो, हे तो बायबलच्या आधारे सिद्ध करतो. पण त्याच्या श्रद्धेने चार जीव वाचवले. काही वर्षांपूर्वी जनावरांत साथ पसरली, तेव्हाची हकीकत तो याच ग्रंथात देतो. इटलीतल्या बेनेव्हेंतोच्या ड्यूकने माणसं पाठवून शेतांत, झऱ्यांत विषारी भुकटी टाकली, अशी आवई उठली. अनेकांना पकडून मारलं, फळ्यांना बांधून नदीत फेकलं. आगोबार्ड विचारतो, फक्त गुरंच मारणारी भुकटी असते तरी कशी? आणि एवढ्या मुलखावर ती पसरायला बेनेव्हेंतोच्या प्रत्येकाने तीन-तीन गाड्या आणल्या तरी पुरतील का? त्याला सर्वांत छळणारी गोष्ट वेगळीच होती : पकडलेल्यांनी भुकटी टाकल्याचं स्वतः कबूल केलं होतं. माणूस स्वतःविरुद्ध खोटी साक्ष का देतो, हे त्याला पडलेलं कोडं पुढच्या सहा-सात शतकांत फार भयंकर झालं.

कायदेही त्याच्या बाजूचेच होते. ६४३ साली लोम्बार्ड राजा रोथारी याने फर्मावलं की कुणीही परक्या दासीला चेटकीण म्हणून मारू नये. बाई जिवंत माणसाला आतून खाते, हे घडणं शक्यच नाही. पुढे शार्लमेनने सॅक्सनांसाठी केलेल्या कायद्यात चेटकीण समजून कुणाला जाळणाऱ्यालाच देहदंड सांगितला. (कुणी करणी करतो, मंत्राने गुरांचं दूध आटवतो असं भासवून त्याला त्रास देणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला. हा वाद किती जुना आहे पाहा.) ९०६च्या सुमारास प्रूमच्या रेगिनोने एका संग्रहात घेतलेला नियम सांगतो, की डायना देवीबरोबर रात्री जनावरांवर बसून फिरतो म्हणणाऱ्या बायका स्वप्नाला सत्य मानतात आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारा धर्मापासून ढळतो. १०८० साली पोप सातव्या ग्रेगरीने डेन्मार्कच्या राजाला पत्र लिहून, वादळ आणि रोगराईचं खापर बायकांवर फोडू नका, असं बजावलं.

मग फिरलं कुठे? माझ्या मते न्यायालयात. जुन्या पद्धतीत आरोप करणाऱ्यालाच तो सिद्ध करावा लागे आणि जमलं नाही तर शिक्षा त्याच्यावर उलटू शके. तेराव्या शतकापासून न्यायाधीशच चौकशी करू लागला आणि तिला नुसती कुजबुज पुरू लागली. १२५२ साली पोप चौथ्या इनोसंटने पाखंड्यांच्या चौकशीत छळाला परवानगी दिली. चौदाव्या शतकात बाविसाव्या जॉन पोपने सैतानाशी करार करणाऱ्या मांत्रिकांना पाखंड्यांच्या रांगेत आणलं. आता करणी हा शेजाऱ्याशी केलेला अपराध उरला नाही, ती ईश्वराशी केलेली फितुरी झाली. फितुरी म्हटली की साथीदार आलेच. छळ सोसणारी व्यक्ती त्यांची नावं घेई आणि त्या नावांवर पुढचे खटले उभे राहत. १४२८ पासून आल्प्समधल्या व्हाले प्रांतात हे मोठ्या प्रमाणावर घडलं.

तरीही विरोध संपला नव्हता. १४८५ साली हाइनरिख क्रेमर हा धर्मचौकशी अधिकारी पोपचं आज्ञापत्र घेऊन इन्सब्रुकला आला आणि त्याने हेलेना शॉयबेरिन हिच्यासह सात बायकांवर खटला भरला. त्याने तिच्या खासगी आयुष्याबद्दल नको ते प्रश्न विचारले. बायकांच्या वकिलाने त्याच्या कामकाजातल्या चुका दाखवल्या. सगळ्या सुटल्या. बिशप गोल्झरने क्रेमरला शहर सोडायला सांगितलं आणि हा म्हातारपणी पोरकट झालाय, असं पत्रात लिहून ठेवलं.

क्रेमर गेला आणि लिहायला बसला. ‘मालेउस मालेफिकारुम’, म्हणजे ‘चेटकिणींवरचा घण’, हा त्याचा ग्रंथ १४८६च्या अखेरीस स्पायरमध्ये छापून निघू लागला. चेटकिणींवर विश्वास न ठेवणं हेच पाखंड, असं त्यात ठासून सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात तो ग्रंथ उघडू.