मध्यस्थी करण्याचा अधिकार कोणाचा?

या लेखमालेत सोलापुरातल्या अमेरिकन मराठी मिशनच्या बालवाडीकडे आज वळायचे ठरले होते. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. जॉन हाइडवरच्या लेखांकानंतर एका वाचकाने विचारले आहे की, पंजाबात मिशनरी म्हणून आलेला माणूस रात्र रात्र गुडघे टेकून इतरांसाठी प्रार्थना करत राहिला, तर तो कामातून काढलेला पळ नव्हे काय? शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर हाइडच्या सियालकोटपेक्षा आपल्याच पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावात चांगले सापडते. हाइड हा एकटा माणूस. त्याच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते बरेचसे मित्रांनी मागाहून लिहिलेल्या आठवणींतून. उलट केडगावच्या, पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी केलेली, प्रार्थना हा संस्थेच्या दिनक्रमाचाच भाग होता. तिची हकिकत त्याच काळात छापलीही जात होती: संस्थेच्या ‘मुक्ति प्रेअर बेल’ या नियतकालिकात आणि रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रॅम्स यांच्या लेखनात.

ही हकिकत अशी. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी भारतातल्या ख्रिस्ती मंडळीच्या संजीवनासाठी, म्हणजे श्रद्धेच्या नव्या जागृतीसाठी, रोज प्रार्थनेला बसायला कोण तयार आहे, असे विचारले. सत्तर जणी पुढे आल्या. सहा महिन्यांत ही संख्या साडेपाचशेवर गेली आणि त्या दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनमध्ये बाईंनी आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जाणाऱ्या मुली मागितल्या, तेव्हा तीस जणी उभ्या राहिल्या. त्यांचीही वेगळी प्रार्थना सुरू झाली आणि महिनाअखेरीस जे संजीवन केडगावात उसळले, ते याच तीस जणींमधून. म्हणजे प्रार्थना आणि पायपीट या दोन्ही गोष्टी एकाच गटाच्या वाट्याला आलेल्या होत्या. त्याच आवारात शाळा भरत होती, शेती होत होती, छापखाना चालू होता. हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद पुढे त्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापला गेला. पळ काढणाऱ्यांच्या घरी एवढा कामाचा रगाडा नसतो.

पण माझा मुद्दा यापुढचा आहे. या साडेपाचशे जणी कोण होत्या? बहुतेक दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली, बालविधवा, टाकून दिलेल्या बायका. जिचे तोंड शुभकार्यात दिसू नये, अशी समाजाची समजूत, ती दुसऱ्याच्या वतीने देवापुढे उभी राहते, ही घटना साधी नाही. आपल्या परंपरेत यजमान आणि देव यांच्यामध्ये भटजी होता. चर्चमध्येही ते स्थान दीक्षित पाळकाचे, म्हणजे पुरुषाचेच होते. अनाथाश्रमातली मुलगी सहसा दुसऱ्यांच्या दयेचा विषय असते. इथे तिच्याकडे इतरांसाठी मागणे मागण्याचे काम आले. मध्यस्थीच्या प्रार्थनेचे फळ मोजायचे असेल, तर ते प्रथम या बदललेल्या जागेत मोजावे, असे माझे म्हणणे आहे. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांचे काय झाले, हे इतिहासकाराला तपासता येत नाही. करणारीचे काय झाले, हे काही प्रमाणात येते.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला, हा सगळा उन्मादाचा प्रकार होता: रडणे, ओरडणे, अंगात जाळ झाल्याची भाषा. त्या काळी काही मिशनऱ्यांनाही ते रुचले नव्हते. रमाबाईंची भूमिका अशी की भारतीय बायकांनी आपल्या स्वभावाला धरून भक्ती करावी, त्यावर पाश्चात्त्य शिस्तीचे झाकण नको. कीर्तनात डोळे भरून येणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे समजायला जड जाऊ नये. दुसरा आक्षेप मिशनच्या नियतकालिकांवर: त्यांतल्या हकिकती देणगीदारांसाठीच लिहिलेल्या. खरेच आहे; म्हणून त्यांतले चमत्कार बाजूला ठेवून मी फक्त वेळापत्रक, माणसांची संख्या आणि कामाची वाटणी एवढेच उचलले आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. उपाशी आलेल्या मुलीला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक होती का? हा वाद जुनाच आहे. पुण्यात १८९३ साली रमाबाईंच्याच शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेवर वादळ उठले, त्याचे एक कारण रमाबाईंची खासगी प्रार्थनाच होते. मुली येऊन बसत असल्या तरी आपल्या खोलीचे दार लावून घ्यायला त्यांनी नकार दिला. रानडे, भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. सदनाने धार्मिक तटस्थतेचे आश्वासन दिले होते, त्यामुळे टीकाकारांची बाजू पोकळ नव्हती. केडगाव मात्र उघडपणे ख्रिस्ती होते आणि तिथल्या मुलींना परत न्यायला बहुधा कोणी नव्हते. आश्रय देणाऱ्याच्या धर्माचे वजन आश्रितावर पडते, हे मान्यच करायला हवे. तरीही शेकडो मुलींच्या वस्तीत पहिल्या हाकेला सत्तरच जणी उठतात, याचा अर्थ बाकीच्यांना बसून राहता येत होते. सत्तरांच्या साडेपाचशे होताना मैत्रिणींचा, वातावरणाचा दाब नव्हता, असे मात्र मी म्हणणार नाही.

या कामाची धाव किती लांब गेली, त्याचा एक पुरावा शेवटी देतो. एब्रॅम्सबाईंनी केडगावच्या अनुभवावर लिहिलेले छोटे पुस्तक चिलीतल्या वाल्पाराइसोला, मे हूव्हर या आपल्या जुन्या सहाध्यायिनीकडे पाठवले. ते वाचून हूव्हर दांपत्याच्या मेथडिस्ट मंडळीत प्रार्थना सुरू झाल्या आणि १९०९ मध्ये तिथे जे संजीवन झाले, त्यातून चिलीतला पेंटेकोस्टल पंथ उभा राहिला. हाइडचे नाव राहिले, एब्रॅम्सचे थोडेफार राहिले. त्या सत्तर जणींची नावे मात्र या कथेत कुठेच येत नाहीत. मिशनरीचे चरित्र म्हणजे पाठवलेल्या गोऱ्या माणसाचे चरित्र, ही सवय या लेखमालेलाही लागली होती. बालवाडीच्या लेखांकापासून ती मोडायची, तर आधी तिथे शिकवणाऱ्या मराठी बायकांकडे पाहावे लागेल.