हातात हुनर आहे, पण कागद?

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांत दोनच प्रकारची बोलणी सुरू होतात. टक्के बरे असले तर सायन्स, कमी असले तर "चल, चाचांच्या गॅरेजवर बस." मधली वाट कुणी काढत नाही. आयटीआयचं नाव निघालं तर अब्बांचा चेहरा असा पडतो, जणू मुलगा नापासच झाला. आम्हाला त्या मधल्या वाटेबद्दलच बोलायचं आहे.

मिरजेचं बघा. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांनी तंबोरे-सतारी दुरुस्त करायला घेतल्या, मग बनवायला सुरुवात केली, आणि पुढे घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. पंढरपूरकडचा भोपळा भिजवून कापायचा, त्यावर तूनचं लाकूड बसवायचं, पडदे बांधायचे आणि शेवटी जवारी काढायची. घोडीचा वरचा भाग घासत घासत तार मोकळी बोलू लागेपर्यंत आणायची. हे पुस्तक वाचून येत नाही, वर्षानुवर्षं उस्तादाशेजारी बसावं लागतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. पण ते मानांकन वाद्याचं. वाद्य घडवणाऱ्या पोराच्या नावाचा कागद कुठे आहे? २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात हत्यारं बनवणारा आहे, वाद्यं बनवणारा नाही. (जुना धंदा सोडला नसता तर यादीत बसले असते म्हणायचं!)

गॅरेजवर बसलेल्या आपल्या मुलाचंही हेच होतं. दहा वर्षांत तो आवाजावरून इंजिनाचा बिघाड सांगतो, पण कुपवाडच्या नाहीतर साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला गेला की पहिला प्रश्न 'ट्रेड कोणता?' आखाताचंही आता सोपं राहिलेलं नाही. सौदीला प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर म्हणून जाणाऱ्यांची कौशल्य परीक्षा इथेच घेतली जाऊ लागली आहे.

आयटीआयमध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. बहुतेक वेळ वर्कशॉपमध्येच जातो. पण "मग बारावीचं काय?" ही अम्मीची काळजी खरी आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून राज्य मंडळाचे भाषा विषय सोडवले, तर बारावीची समकक्षता मिळते. याच मुलाला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेशही मागता येतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी केली तर शिकताना विद्यावेतन मिळतं. रस्ता बंद होत नाही, थोडा वळसा घेतो इतकंच. ज्याला सायन्सच करायचं आहे, त्याने द्विलक्षी अभ्यासक्रम जरूर बघावा. एक भाषा आणि एक विषय यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक्ससारखा २०० गुणांचा प्रात्यक्षिकाचा विषय घेता येतो.

हाताने काम करणारा विद्यार्थी कमी दर्जाचा, ही समजूत या मुलखात तरी शोभत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छताखाली ठेवलं, आणि १९४७ मध्ये सुरू झालेलं छत्रपती शिवाजी कॉलेज 'कमवा व शिका'वर चालवलं. तिथली मुलं शेतात राबून पदवीधर झाली. भाऊराव स्वतः मॅट्रिक नव्हते. ओगल्यांच्या काचसामानाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत ते गावोगाव फिरले होते. ते नांगर बनवणारी किर्लोस्करवाडी १९१० पासून आपल्या सांगली जिल्ह्यातच आहे.

मुलींबद्दल आम्हाला थोडं कडक बोलायचं आहे. शिवण शिकवतो, म्हणजे झालं, असं आपण मानतो. शिवणकामाचा ट्रेड चांगलाच आहे, त्याचं प्रमाणपत्र घेऊन दुकान टाकता येतं. पण मुलीला वायरिंगमध्ये नाहीतर कॉम्प्युटरमध्ये गती असेल तर तिला विचारा तरी. महिलांसाठी वेगळ्या आयटीआय आहेत, इतर आयटीआयमध्येही मुलींसाठी राखीव जागा असतात.

सगळ्या आयटीआय सारख्या नसतात, हेही खरं. कुठे मशीन धूळ खात पडलेलं असतं, कुठे निदेशकाची जागा रिकामी असते. म्हणून अर्ज भरण्याआधी मुलाला घेऊन एकदा वर्कशॉपमध्ये जा. चालू वर्षाच्या मुलांना विचारा, आठवड्यात लेथवर किती वेळा उभे राहता? मागच्या तुकडीतली मुलं उमेदवारीला कुठे लागली? अल्पसंख्याकांसाठीच्या जादा तुकड्या त्या संस्थेत आहेत का, हेही तिथेच कळेल. अर्ज ऑनलाइन असतो आणि दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला आणि रहिवासाचा दाखला आधीच काढून ठेवा. मुलगा चाचांच्या गॅरेजवर जातच असेल तर जाऊ द्या. संध्याकाळी दोन तास तिथे, दिवसा मेकॅनिकच्या ट्रेडला.