मुलांच्या मनातील भीती, चिंता आणि राग : गैरसमज व वस्तुस्थिती

मुलांच्या भावनांविषयी घराघरांत जे समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, त्यांच्या मुळाशी बहुधा मुलांविषयीची मायाच असते. रडणाऱ्या नातवाला दटावणारे आजोबा, भिणाऱ्या मुलाला शाळेच्या कार्यक्रमातून सोडवून घेणारी आई आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ‘काही होत नाही’ असा धीर देणारे वडील हे तिघेही आपापल्या परीने मुलाचा त्रास कमी करू पाहतात. तथापि गेल्या शंभर वर्षांतील बालमानसशास्त्रीय संशोधनातून असे दिसून आले आहे, की नकोशी भावना तत्काळ घालवून टाकणे एवढेच उद्दिष्ट ठेवले तर ती बहुधा टिकून राहते, आणि ती मनात असतानाही मुलाला आवश्यक ते करता यावे हे उद्दिष्ट ठेवले तर ती हळूहळू आटोक्यात येते. पुढील गैरसमजांची तपासणी याच दृष्टीने केली आहे.

गैरसमज १ : लहान मुलांना कसली आली चिंता?

वस्तुस्थिती : भीती म्हणजे समोरच्या धोक्याला मिळणारा प्रतिसाद आणि चिंता म्हणजे पुढे घडू शकणाऱ्या गोष्टीची आजच वाटणारी धास्ती, या दोन्ही बालविकासाच्या क्रमात स्वाभाविकपणे येतात. साधारण आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास बाळ अनोळखी चेहऱ्याला आणि आई दृष्टीआड होण्याला घाबरू लागते, पुढील चार-पाच वर्षांत कल्पनाशक्ती वाढते तशी अंधाराची, प्राण्यांची व भुताखेतांची भीती येते, शाळकरी वयात आजारपण, अपघात आणि परीक्षा यांची काळजी लागते, तर किशोरवयात ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न मोठा होतो. यांपैकी बहुतेक भीती वयाबरोबर ओसरतात. मात्र भीती प्रसंगाच्या मानाने फारच मोठी असेल, अनेक आठवडे किंवा महिने टिकत असेल आणि झोप, शाळा, खेळ किंवा मैत्री यांत अडथळा आणत असेल, तर तिला चिंताविकार म्हणण्याची वेळ येते. बंगळूरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, आणि अमेरिकेत रोनाल्ड केसलर व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. बालपण निश्चिंत असते ही समजूत म्हणूनच केवळ चुकीची नाही. तिच्यामुळे मदत मिळण्यास वर्षानुवर्षे उशीर होतो.

गैरसमज २ : सकाळची पोटदुखी म्हणजे शाळा बुडवण्याचा बहाणा

वस्तुस्थिती : धोक्याची जाणीव झाली की शरीर प्रतिकाराच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते, त्यासाठी हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात आणि पचनाचे काम मंदावते, त्यामुळे चिंतेपायी होणारी मळमळ, पोटदुखी किंवा डोकेदुखी मुलाला खरोखरच जाणवत असते. ‘मला काळजी वाटते’ हे शब्दांत सांगण्याची क्षमता ज्या वयात अपुरी असते, त्या वयात तक्रार शरीराच्या वाटेने येते. अशा वेळी प्रथम डॉक्टरांकडून शारीरिक आजार नसल्याची खात्री करून घ्यावी आणि मग दुखणे सोमवारी येते पण रविवारी येत नाही, किंवा ठरावीक तासाच्या दिवशीच येते, असा काही क्रम दिसतो का ते पाहावे. वर्गातील दांडगाई, वाचनातील अडचण किंवा शिक्षेची धास्ती असे प्रत्यक्ष कारण सापडले, तर आधी ते दूर करणे हे मोठ्यांचे काम आहे. मुलाला केवळ धीट होण्यास सांगून ते टाळता येत नाही.

गैरसमज ३ : धाक दाखवल्याशिवाय मुले ऐकत नाहीत, आणि बागुलबुवाने काही बिघडत नाही

वस्तुस्थिती : मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ मध्ये भीती शिकण्याचे तीन मार्ग मांडले : स्वतःला आलेला वाईट अनुभव, दुसऱ्याला घाबरताना पाहणे आणि कोणी सांगितलेली भीतिदायक माहिती. यांपैकी तिसऱ्या मार्गाची तपासणी ब्रिटनमध्ये अँडी फील्ड आणि जोआन लॉसन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केली. त्यांनी शाळकरी मुलांना ऑस्ट्रेलियातील काही अपरिचित प्राण्यांपैकी एकाविषयी भीतिदायक आणि दुसऱ्याविषयी चांगली माहिती सांगितली, तेव्हा वाईट माहिती ऐकलेल्या प्राण्याबद्दल मुलांची भीती वाढली आणि तो आत आहे असे सांगितलेल्या पेटीत हात घालण्यासही ती कचरू लागली. जो प्राणी मुलांनी कधी पाहिला नव्हता त्याचे भय केवळ शब्दांनी निर्माण झाले, हे लक्षात घेतले तर जेवत नाही म्हणून पोलीस, सुईवाला डॉक्टर किंवा बुवाबाबा यांचा धाक दाखवण्याची किंमत ध्यानात येते; विशेषतः ज्या डॉक्टरांकडे पुढे मुलाला न्यायचेच आहे, त्यांचे भय घरातच पेरणे हिताचे नाही.

गैरसमज ४ : रडू दिले की मूल हळवे होते; मुलग्यांनी तर रडूच नये

वस्तुस्थिती : सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमधील २६ माता-बालकांच्या निरीक्षणातून १९७२ मध्ये असे मांडले, की ज्या बाळांच्या रडण्याला सुरुवातीच्या महिन्यांत तत्परतेने प्रतिसाद मिळाला, ती वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती आणि हावभाव व आवाज यांतून अधिक संवाद साधत होती. हा अभ्यास लहान होता आणि त्याच्या पद्धतीवर पुढे वादही झाले, परंतु विश्वासाच्या नात्यामुळे मूल परावलंबी न होता अधिक धिटाईने जग धुंडाळते, हा त्यामागचा विचार नंतरच्या संशोधनातही टिकून राहिला. उलट, मनातील गोष्ट दाबून टाकण्याचा परिणाम काय होतो हे डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ मधील प्रौढांवरील प्रयोगात दिसले : पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्यांच्या मनात ते पुन्हा पुन्हा येत राहिले आणि बंधन उठल्यावर तर अधिकच येऊ लागले. मुलगे व मुली यांच्या भावना व्यक्त करण्यातील फरकांचा तारा चॅप्लिन आणि अमेलिया अल्डाओ यांनी २०१३ मध्ये एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ते फरक अगदी थोडे असल्याचे आणि वयानुसार बदलत असल्याचे आढळले. तेव्हा ‘रडूबाई’ म्हणून हिणवल्याने मुलग्याचे दुःख नाहीसे होत नाही. ते दाखवू नये एवढेच तो शिकतो.

भावना मान्य करणे म्हणजे प्रत्येक वर्तन मान्य करणे नव्हे. हाइम गिनॉट या बालमानसतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात आग्रहाने मांडलेला भेद येथे उपयोगी पडतो : भावना कोणतीही असू शकते, वर्तनाला मात्र मर्यादा असते. बहिणीचा राग येणे स्वीकारले जाईल, तिला मारणे स्वीकारले जाणार नाही, हे मुलाला एकाच वाक्यात आणि शांतपणे सांगता येते.

गैरसमज ५ : उशी बडवून राग बाहेर काढला की मन मोकळे होते

वस्तुस्थिती : ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चिडवणाऱ्या व्यक्तीला मनात आणून पिशवीवर ठोसे मारणारे विद्यार्थी नुसतेच बसून राहिलेल्यांपेक्षा अधिक रागावलेले व अधिक आक्रमक आढळले. हे विद्यार्थी महाविद्यालयीन वयाचे होते, पण तत्त्व मुलांनाही लागू पडण्याजोगे आहे. शरीर आधीच उत्तेजित असताना आदळआपट केल्याने उत्तेजना वाढते, तर सावकाश सोडलेला श्वास आणि गोंगाटापासून थोडा वेळ दूर बसणे यांनी ती उतरते. मात्र ही कौशल्ये मूल शांत असताना शिकवावी लागतात, कारण आक्रस्ताळेपणाच्या ऐन भरात उपदेश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

गैरसमज ६ : ज्याची भीती वाटते त्यापासून मुलाला दूर ठेवावे

वस्तुस्थिती : मुलांच्या चिंतेविषयीच्या गैरसमजांपैकी हा सर्वांत मायाळू आणि सर्वांत घातक आहे. ओ. होबार्ट माउरर यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार भीतिदायक प्रसंग टाळला की तत्काळ हायसे वाटते, आणि या हायसे वाटण्यामुळेच टाळण्याची सवय पक्की होते. शिवाय प्रसंग टळल्याने, आपल्याला वाटले तेवढे भयंकर काही घडत नाही, हे अनुभवण्याची संधीही मुलाला मिळत नाही. वर्गात बोलण्याला भिणाऱ्या मुलीला एकदा सूट मिळाली की पुढच्या वेळी तीच सूट अधिक गरजेची वाटते, आणि हळूहळू स्नेहसंमेलन, सहल, मैत्रिणीचा वाढदिवस असे तिचे जग आक्रसत जाते.

याला उपाय म्हणजे क्रमशः सामोरे जाणे, अर्थात भीतीच्या प्रसंगाचे लहान लहान टप्पे पाडून सोप्यापासून सुरुवात करणे. त्याचे आद्य उदाहरण मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नोंदवले. सशाला घाबरणारा पीटर नावाचा सुमारे तीन वर्षांचा मुलगा आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातील ससा दूर ठेवून दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणला गेला, भीती न बाळगणाऱ्या इतर मुलांची सोबतही त्याला दिली गेली, आणि अखेरीस तो सशाला कुरवाळू लागला. वर्गात बोलण्याच्या भीतीसाठी हेच टप्पे असे पडतील : कविता आधी घरातल्यांसमोर म्हणणे, मग शेजारच्या काकूंसमोर, मग एका मैत्रिणीसमोर, मग मधल्या सुट्टीत एकट्या शिक्षिकेसमोर आणि शेवटी वर्गापुढे. प्रत्येक टप्पा भीती बरीचशी ओसरेपर्यंत पुन्हा पुन्हा करावा आणि कौतुक निर्भयतेचे न करता, भीत भीत का होईना, केलेल्या प्रयत्नाचे करावे.

मुलाला एकदम प्रसंगात लोटणे हेही याच चुकीचे दुसरे टोक आहे. गावाकडे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवताना आधार असतो आणि तो योग्य वेळी काढलाही जातो. भीतीच्या बाबतीतही या दोन्ही गोष्टी लागतात, आणि टप्पे ठरवताना मुलाची संमती घेतली तर ते पुढे जाण्याची शक्यता वाढते.

गैरसमज ७ : ‘काही होणार नाही’ असे सतत सांगत राहिले की चिंता मिटते

वस्तुस्थिती : एकदा दिलेला धीर उपयोगी असतो, पण तोच प्रश्न दिवसातून वीस वेळा विचारला जाऊ लागला की उत्तर हेही टाळण्याचेच साधन बनते, कारण मूल अनिश्चितता सोसण्यास न शिकता प्रत्येक वेळी मोठ्यांकडून खात्री मागू लागते. मुलाच्या चिंतेपायी घराने आपले वागणे बदलत नेणे, म्हणजे दर रात्री त्याच्याजवळ झोपणे, त्याच्या वतीने बोलणे किंवा पाहुण्यांकडे जाणेच सोडणे, याला चिंतेशी कौटुंबिक जुळवणूक म्हणता येईल. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी ही जुळवणूक टप्प्याटप्प्याने कमी करण्यास पालकांना शिकवणारी उपचारपद्धती विकसित केली, आणि ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांचा समावेश असलेल्या चाचणीत, केवळ पालकांना मार्गदर्शन देऊनही मुलांची चिंता मुलांवर थेट केलेल्या उपचाराइतकीच कमी झाली. या पद्धतीत पालकांचा संदेश दोन भागांचा असतो : भीती वाटते हे खरे आहे, आणि ती सोसण्याची ताकद मुलामध्ये आहे. पहिला भाग वगळला तर कोरडेपणा उरतो, दुसरा वगळला तर मुलाला आपण दुबळे आहोत असे वाटू लागते.

गैरसमज ८ : विषय काढला की नसते विचार डोक्यात भरतात

वस्तुस्थिती : मॅथ्यू लीबरमन व सहकाऱ्यांच्या २००७ मधील मेंदूप्रतिमांच्या अभ्यासात भावनेला शब्दाने ओळखल्यावर, धोक्याची दखल घेणाऱ्या अमिग्डला या मेंदूच्या भागाची प्रतिक्रिया कमी झालेली दिसली. आत्महत्येसारख्या गंभीर विषयाबाबतही, मॅडलिन गूल्ड यांनी न्यूयॉर्क राज्यातील माध्यमिक शाळांतील २,३४२ विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००५ मध्ये दाखवले, की असे विचार येतात का हे विचारल्याने त्यांचा त्रास वाढला नाही. तेव्हा मूल जगण्यात अर्थ नसल्याचे बोलू लागले तर स्पष्ट विचारावे, त्याला एकटे सोडू नये आणि तातडीने मदत मिळवावी. बोलण्यालाही एक मर्यादा मात्र आहे : अमांडा रोज यांच्या २००२ मधील अभ्यासाप्रमाणे एकच दुःख दोघांनी मिळून घोळवत राहिल्याने मैत्री घट्ट होते, पण खिन्नता व चिंतेचा त्रासही अधिक आढळतो. म्हणून ऐकून घेतल्यानंतर ‘आता पुढचे छोटे पाऊल कोणते’ या प्रश्नाकडे वळणे इष्ट असते.

गैरसमज ९ : समुपदेशकाकडे नेले म्हणजे मूल वेडे ठरले, किंवा आईवडील चुकले

वस्तुस्थिती : जेरोम केगन यांच्या दीर्घकालीन अभ्यासांनुसार काही बाळे जन्मतःच नवख्या गोष्टींना तीव्र प्रतिसाद देणारी असतात, स्वभावाचा हा वाटा पालकांनी निर्माण केलेला नसतो, आणि अशी सर्वच मुले पुढे चिंताविकाराला बळीही पडत नाहीत. उपचारांचे फळही चांगले आहे. अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, विचार व वर्तन या दोन्हींवर काम करणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराने सुमारे ६० टक्के, सर्ट्रालीन या औषधाने ५५ टक्के आणि दोन्ही मिळून ८१ टक्के मुलांमध्ये लक्षणीय सुधारणा झाली, तर औषधाचा अंश नसलेल्या गोळीने ती केवळ २४ टक्के मुलांत दिसली. म्हणजे अनेक मुलांना औषधाशिवायही बरे वाटते, आणि औषध लागलेच तर ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपयोगी ठरते. भारतात १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आणि मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक या वाटेची पहिली पायरी ठरू शकतात.

या सर्व विवेचनातून पालक व शिक्षकांच्या हाती एक साधा निकष येतो. मुलाची प्रगती त्याला किती भीती वाटते यावरून न मोजता, भीती असतानाही गेल्या महिन्यापेक्षा त्याला काय अधिक करता येऊ लागले यावरून मोजावी, आणि हाच निकष मोठ्यांनी स्वतःलाही लावावा. कारण वडील संतापल्यावर आवाज चढवण्याऐवजी थांबतात, आई आपली काळजी मान्य करूनही कामाला लागते, हे रोज पाहणारे मूल जे शिकते ते कोणत्याही उपदेशापेक्षा खोल रुजते. चिंतामुक्त बालपण कोणालाही देता येत नाही, परंतु चिंतेसह उभे राहण्याचा सराव आणि त्या सरावात सोबत करणारे मोठे माणूस प्रत्येक घर व प्रत्येक शाळा देऊ शकते, आणि ते देणे हे त्यांचे कर्तव्य आहे.